समाजकार्याचे मानकरी कोण ठरविणार?

महाड : खास प्रतिनिधी

२०१८ साली मार्च महिन्याचा तिसरा मंगळवार २० तारखेला आला होता. मार्चचा तिसरा मंगळवार ‘जागतिक समाजकार्य दिन’ म्हणून जगभर पाळला जातो आणि २० मार्च हा महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. एकीकडे देशोदेशीच्या समाजकार्य महाविद्यालयांतून परिसंवाद, व्याख्याने. दुसरीकडे तळ्याच्या पायऱ्यांवर ओंजळभर पाणी घेण्यासाठी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेला जनसमुदाय. हा निव्वळ कॅलेंडरचा योगायोग होता. तथापि, समाजासाठी काम करणाऱ्या माणसाची थोरवी कोणी आणि कशावरून ठरवायची, हा प्रश्न ज्या गावात विचारावा असे गाव महाडच आहे. अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर म्हणून २००९ मध्ये एक संस्था स्थापन झाली. तिची ओळख करून घेण्यापूर्वी महाडकडे पाहणे उचित ठरेल.

चवदार तळ्याचा सत्याग्रह हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाने इतिहासात गेला. मात्र त्यामागे कित्येक महिन्यांची, किंबहुना वर्षांची शांत बांधणी होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून तळे खुले केले, पण ते कागदावरच. दासगावात वाढलेल्या रामचंद्र बाबाजी मोरे या तरुणाने महाडला परिषद घेण्याचा ध्यास घेतला आणि ती प्रत्यक्षात येण्यास १९२७ उजाडले. त्या वेळी मोरे यांचे वय अवघे २४ होते. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी १९ आणि २० मार्चला जमलेल्या लोकांना पिण्यासाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, ही नोंद आजही वाचणाऱ्याला थबकायला लावते. परिषदेच्या समारोपात नगरपालिकेच्या ठरावाची आठवण देऊन तळ्यावर जाण्याची सूचना मांडली ती अनंतराव चित्रे यांनी. नगरपालिकेतून पाठीशी उभे राहिले सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे कार्यकर्ते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव त्यांनीच मांडला. या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी ती दिली.

ज्या सोशल सर्व्हिस लीगमधून सहस्रबुद्धे आले, ती १९११ मध्ये स्थापन करणारे नारायण मल्हार जोशी हेही याच मुलखातले. त्यांचा जन्म १८७९ मध्ये महाडच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातील गोरेगावी झाला.

या मंडळींपैकी कोणाकडेही समाजकार्याची पदवी नव्हती. ती असणे शक्यच नव्हते, कारण हा विषय शिकविणारी देशातील पहिली संस्था, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, मुंबईत सुरू झाली ती १९३६ मध्ये. नागपाड्यात वस्तीकेंद्र चालविणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ड हे तिचे पहिले संचालक. हीच संस्था १९४४ पासून ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ म्हणून ओळखली जाऊ लागली. टिपणीसांच्या नावामागे ‘दलितमित्र’ हे बिरुद लागले. पुढे सत्तरच्या दशकात राज्य शासनानेही याच नावाचा पुरस्कार सुरू केला, जो आज ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण’ या नावाने दिला जातो.

समाजसेवेच्या गौरवाची आपल्याकडे तशी वाण नाही. पद्म पुरस्कारांत ‘समाजकार्य’ हा स्वतंत्र विभाग आहे. जमनालाल बजाज पुरस्कार १९७८ पासून दिले जातात. अमेरिकेतील मराठी मंडळींच्या महाराष्ट्र फाउंडेशनने नव्वदच्या दशकापासून साहित्याबरोबर समाजकार्याचाही सन्मान सुरू केला आणि त्यातून अनेक अप्रसिद्ध कार्यकर्त्यांची नावे मराठी वाचकांपर्यंत पोहोचली. याखेरीज गावोगावच्या शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमांची मोजदाद कोण करणार? निवडणूक जवळ आली की चौकाचौकांतील फलकांवर नावाआधी ‘समाजसेवक’ ही उपाधी झळकू लागते, हा अनुभव महाड आणि पोलादपूरच्या नागरिकांनाही नवा नाही. या शब्दाची किंमत किती उतरली आहे याचा तो पुरावाच म्हणावा लागेल.

या सर्व सन्मानांत, चांगल्या आणि वाईट, एक गोष्ट समान आहे. त्यांत गौरव होतो तो व्यक्तीचा, तिच्या त्यागाचा, तिने घालविलेल्या वर्षांचा. या माणसाला कामातून नेमके काय उमगले, ते त्याने कोठे मांडले आणि त्या ज्ञानाचा दुसऱ्या तालुक्यातील कार्यकर्त्याला काही उपयोग झाला काय, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

फेलो म्हणजे कोण?

नेमके हेच प्रश्न विचारण्याचा दावा करणारी संस्था म्हणजे ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ सोशल वर्क अँड सोशल वेल्फेअर’. समाजकार्यातील नामवंत अभ्यासक आणि प्रत्यक्ष क्षेत्रात काम करणारे व्यावसायिक यांची ही सन्मानसंस्था आहे. येथे अर्ज भरून, वर्गणी देऊन सभासद होता येत नाही. विद्यमान फेलो नव्या नावाची शिफारस करतात, त्या व्यक्तीच्या कामाची छाननी होते आणि मग तिची निवड होते. मराठी वाचकाला जवळची उपमा द्यायची तर साहित्य अकादमीच्या महत्तर सदस्यत्वाची देता येईल. एका वेळी हयात असलेल्या केवळ २१ साहित्यिकांनाच ते मिळते आणि विंदा करंदीकरांसारख्या मराठी कवीला ते लाभले होते. अमेरिकन अकादमीत संख्येचे बंधन इतके कडक नाही, परंतु तत्त्व तेच. ज्यांना त्या विषयातले कळते, त्यांनीच आपल्या पंक्तीला कोण बसेल हे ठरवायचे.

येथे काही गफलती टाळणे आवश्यक आहे. ही अकादमी समाजकार्याचा परवाना देत नाही. तो अमेरिकेत राज्याराज्यांची मंडळे देतात. ती व्यावसायिकांची संघटनाही नव्हे. ते काम सात संघटना एकत्र येऊन १९५५ मध्ये झालेली ‘नॅशनल असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्स’ करते. समाजकार्य शिकणाऱ्या गुणवंत विद्यार्थ्यांसाठी ‘फाय अल्फा’ नावाची वेगळी सन्मानसंस्था साठच्या दशकाच्या आरंभापासून आहे आणि तेथे प्रवेश मिळतो तो परीक्षेतील गुणांवर. अकादमीचे फेलोपद मिळते तेव्हा माणसाचे अर्धेअधिक आयुष्य या क्षेत्रात गेलेले असते.

अशी संस्था काढण्याची गरज का भासली, हे समजण्यासाठी शंभर वर्षांहून थोडे मागे जावे लागते. १९१५ मध्ये बाल्टिमोर येथील एका परिषदेत अब्राहम फ्लेक्सनर यांनी समाजकार्य हा खरोखर व्यवसाय आहे काय, असा प्रश्न विचारला आणि उत्तर नकारार्थी दिले. फ्लेक्सनर हे काही ऐरेगैरे नव्हते. अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाची झाडाझडती घेणारा त्यांचा १९१० चा अहवाल गाजला होता आणि त्यानंतर अनेक निकृष्ट वैद्यकीय शाळा बंद पडल्या होत्या. वैद्य किंवा अभियंता यांच्याजवळ असते तसे शिकविता येण्याजोगे स्वतःचे वेगळे ज्ञान आणि तंत्र समाजकार्यकर्त्याजवळ नाही, तो गरजूला दुसऱ्या तज्ज्ञाकडे पोहोचविणारा मध्यस्थ आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. हा घाव वर्मी बसला. दोनच वर्षांनी मेरी रिचमंड यांचे ‘सोशल डायग्नोसिस’ हे पुस्तक आले. कुटुंबाची परिस्थिती कशी जाणून घ्यावी, पुरावा कसा तपासावा, कोणाकोणाशी बोलावे, याची पद्धत त्यात मांडलेली होती. तेव्हापासून या व्यवसायाची धडपड एकच राहिली आहे. सद्भावनेच्या पलीकडे आमच्याजवळ ज्ञान आहे, हे सिद्ध करण्याची.

अमेरिकेत विज्ञानाची राष्ट्रीय अकादमी १८६३ पासून आहे, वैद्यकाची १९७० पासून. समाजकार्याला मात्र स्वतःच्या अकादमीसाठी २००९ पर्यंत थांबावे लागले. उशिरा आलेल्या या अकादमीने केवळ फेलोंची यादी जाहीर करून समाधान मानले नाही, ही तिच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गणितज्ञांपुढे २३ प्रश्न ठेवले होते. त्याच धर्तीवर समाजकार्यापुढची महाआव्हाने ठरविण्याचे काम अकादमीने हाती घेतले आणि जानेवारी २०१६ मध्ये १२ आव्हानांची यादी प्रसिद्ध केली. तरुणांचा निकोप विकास, कौटुंबिक हिंसाचार थांबविणे, बेघरपणा संपविणे, एकाकीपणा दूर करणे, तुरुंगांवरचा भर शहाणपणाने कमी करणे, टोकाची आर्थिक विषमता घटविणे असे विषय त्यात आहेत. आणि या यादीत एक आव्हान असे आहे, की ते जणू महाड-पोलादपूर डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिले असावे : बदलत्या पर्यावरणाला सामाजिक प्रतिसाद उभा करणे.

दरडी, पूर आणि विसरलेले धडे

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठचे महाड आणि सह्याद्रीच्या कुशीतले पोलादपूर यांना गेल्या वीस वर्षांत काय काय सोसावे लागले, याची उजळणी करणे येथे क्रमप्राप्त आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि शंभराहून अधिक माणसे एका रात्रीत गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बस व अन्य वाहने पुराच्या पाण्यात गडप झाली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरातील ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते तोच २२ जुलै २०२१ आला. त्या दिवशी महाड शहर पाण्याखाली होते, तळिये गावावर डोंगर खचून ऐंशीहून अधिक लोक मरण पावले आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथे दरडींनी बळी घेतले.

अशा प्रसंगी पहिल्या आठवड्यात मदतीला तोटा नसतो. भाकऱ्या येतात, ब्लँकेटे येतात, दूरचित्रवाणीच्या गाड्या येतात. अवघड काळ सुरू होतो तो नंतर. तळियेत ज्यांचे मृतदेह हाती आले नाहीत, त्यांनाही मृत मानण्याचा निर्णय घेऊन शोध थांबविण्यात आला. एरवी बेपत्ता माणूस कायद्याने मृत मानला जाण्यासाठी सात वर्षे वाट पाहावी लागते, त्या दृष्टीने हा निर्णय वारसांच्या सोयीचा होता. पण ज्या घरात प्रेत आलेच नाही, तेथे दहावे-तेरावे कशावर करायचे? मदतीचा धनादेश आई-वडील गमावलेल्या मुलाच्या नावे कोणत्या नातलगाच्या हाती द्यायचा? घरात उरलेला एकच कमावता मुंबईत चाकरीला असेल, तर त्याने परत यावे की न यावे? नव्या वसाहतीत वाडीतले शेजार तसेच ठेवायचे की चिठ्ठ्या टाकून घरे वाटायची? म्हाताऱ्या माणसाला डोंगर सोडून सपाटीला येण्यास राजी करताना नेमके काय बोलायचे नसते?

हे प्रश्न अभियंत्याचे नव्हेत आणि तहसीलदाराचेही पूर्णतः नव्हेत. ते समाजकार्याचे प्रश्न आहेत. दासगावच्या दरडग्रस्तांना पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत अनेक वर्षे काढावी लागली. तळियेच्या पुनर्वसनाचे काम म्हाडाकडे सोपविण्यात आले, तेव्हा दासगावच्या त्या वर्षांत जे कळले होते ते नव्या आराखड्यासमोर कोणी ठेवले काय, असा प्रश्न पडतो. दरडीची माती किती घनमीटर होती याचा हिशेब भूगर्भशास्त्रज्ञांच्या अहवालात सापडतो. माणसे पुन्हा कशी उभी राहिली, किंवा राहिली नाहीत, याची जाण मात्र तेथे काम केलेल्या कार्यकर्त्यांच्या डोक्यात असते आणि ती त्यांच्याबरोबरच जाते.

याच महाडमध्ये दुसऱ्या एका क्षेत्रात काय घडले ते पाहिले म्हणजे हा फरक डोळ्यांत भरतो. सत्तरच्या दशकात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, हृदय निकामी होऊन दगावत. डॉ. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणे टिपत राहिले, ‘प्राझोसिन’ या रक्तदाबावरील औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि ऐंशीच्या दशकात त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. विंचूदंशाने होणारे मृत्यू त्यानंतर लक्षणीय घटले. २०११ मध्ये प्रतिविषाबाबतची त्यांची चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची जी पद्धत घडविली, तिचा अभ्यासही १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच छापून आला आणि २०११ पासून ती ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर नेण्यात आली.

हे सारे डॉक्टर आहेत, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांच्या बुद्धिमत्तेला आणि जिद्दीला नमस्कार असो. पण त्यांच्यासाठी वाट तयार होती हेही तितकेच खरे. आडगावच्या डॉक्टरने टिपलेले निरीक्षण तपासून पाहणारी नियतकालिके होती, तेच निरीक्षण अन्यत्र पडताळून पाहणारे डॉक्टर होते, परिषद होती, राष्ट्रीय वैद्यकशास्त्र अकादमी १९६१ पासून होती. बिरवाडीहून निघालेला लेख लंडनला पोहोचू शकला, कारण मधले टप्पे अस्तित्वात होते. बिरवाडीलाच एखाद्या समाजकार्यकर्तीने दरडग्रस्त विधवांबरोबर दहा वर्षे काम करून काही शोधून काढले असते, तर तिने ते कोणाकडे पाठवायचे होते?

पदवी आहे, परिषद नाही

भारतात समाजकार्याचे शिक्षण जुने आहे. टाटा संस्थेचे ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ १९४० पासून निघते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये पहिल्या वैद्यकीय समाजसेवा कार्यकर्त्याची नेमणूक झाली आणि आज शासकीय रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ हे पद परिचित आहे. मुंबईत निर्मला निकेतनचे महाविद्यालय १९५५ मध्ये आणि पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ मध्ये सुरू झाली. एम.एस.डब्ल्यू. होऊन बाहेर पडणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे.

असे असूनही वकिलांसाठी जशी बार कौन्सिल तशी समस्त समाजकार्य व्यवसायासाठी वैधानिक परिषद देशात नाही. नव्वदच्या दशकापासून तिच्या मसुद्यांची चर्चा होते. २००५ मध्ये स्थापन झालेल्या व्यावसायिक समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनेही ही मागणी लावून धरली. परंतु कायद्याने दखल घेतली ती तुकड्यातुकड्यांनी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्याची व्याख्या आणि पात्रता आली. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणाऱ्या २०२१ च्या कायद्यात वैद्यकीय, मनोविकार व चिकित्सा क्षेत्रातील समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला. म्हणजे रुग्णालयाच्या दाराशी बसणाऱ्याला कायद्याने ओळखले, पण दरडीखालच्या गावात बसणारा, वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबांच्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून धावणारा अद्याप त्या चौकटीबाहेरच आहे. ज्या व्यवसायाची नोंदवहीच पूर्ण नाही, त्यातले श्रेष्ठ कोण हे ठरविणारी सर्वमान्य अकादमी उभी राहणे दुरापास्तच.

मग अमेरिकेचा नमुना जसाच्या तसा उचलावा काय? सरळ ‘हो’ म्हणणे कठीण आहे. निवडलेल्यांनीच पुढच्यांना निवडायचे म्हटले की आपल्यासारख्यांनाच आत घेण्याचा मोह सुटत नाही. त्या अकादमीच्या नावात व्यावसायिकांना जागा असली तरी फेलोंत विद्यापीठांतील प्राध्यापकांचा भरणा मोठा आहे, कारण छापील शोधनिबंध मोजणे सोपे असते आणि एखाद्या वस्तीत टाळलेले भांडण मोजता येत नाही. शिवाय २०१६ च्या त्या १२ आव्हानांच्या यादीत वंशवादाचे निर्मूलन हे स्वतंत्र आव्हान नव्हते. समान संधी आणि न्याय असा मोघम उल्लेख होता. टीका झाल्यावर २०२० मध्ये ते तेरावे आव्हान म्हणून जोडण्यात आले. चवदार तळ्याच्या गावात बसून हा तपशील वाचणाऱ्याला आश्चर्य वाटणार नाही. विद्वानांच्या सभेला घरातला सर्वांत जुना प्रश्न सर्वांत शेवटी आठवतो, हे १९२७ मध्येही अनेकांनी अनुभवले होते. नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला तळे खुले करण्याचा ठराव मागे घेतला होता आणि तळ्यावरील हक्काचा अंतिम निकाल उच्च न्यायालयाकडून मिळण्यास मार्च १९३७ उजाडावे लागले.

त्या काळी मुंबईत समाजसेवेच्या मानकऱ्यांची अशी एखादी अकादमी असती, तर नारायण मल्हार जोशींची निवड तीत निश्चित झाली असती. सहस्रबुद्धेही कदाचित आत गेले असते. दासगावच्या चोवीस वर्षांच्या मोरेंचे नाव मात्र कोणी सुचविले असते असे वाटत नाही. आणि परिषदेची मूळ कल्पना तर त्यांची होती.

म्हणूनच आपल्याकडे अशी संस्था निघालीच, तर तिची पहिली कसोटी फेलोंच्या नावांत नव्हे, तर शिफारस कोण करू शकतो यात असेल. ज्या वस्तीत काम झाले त्या वस्तीला शिफारशीचा हक्क असेल काय? कामाचा लेखाजोखा मराठीत लिहिला तर तो ग्राह्य धरला जाईल काय? आणि फेलोपद देताना शाल-श्रीफळाऐवजी त्या व्यक्तीकडून तिच्या कामाची सविस्तर, चुकांसह लिहिलेली नोंद मागितली जाईल काय? यातल्या शेवटच्या गोष्टीसाठी तर अकादमीची वाटही पाहावी लागत नाही. महाडमध्ये डॉ. आंबेडकरांचे राष्ट्रीय स्मारक आहे, त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. २००५ आणि २०२१ या दोन्ही वेळी दरडग्रस्त गावांत वावरलेले शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि कार्यकर्ते आज हयात आहेत. पैकी कित्येक निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत.

२०२७ हे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या शताब्दीचे वर्ष. त्या वर्षी जागतिक समाजकार्य दिन १६ मार्चला येतो, म्हणजे मुख्य सोहळ्याच्या चार दिवस आधी. महाविद्यालयांतील परिसंवादांची निमंत्रणे त्या चार दिवसांसाठी महाडच्या पत्त्यावर काढायला कोणाची हरकत नसावी. श्रोत्यांत जुई, दासगाव, तळिये आणि केवनाळेची माणसे असली, तर वक्त्यांना बराच वेळ ऐकत बसावे लागेल.